सिंहगडाची वाट आणि नवखा माणूस

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे फुटून निघालेल्या भुलेश्वराच्या डोंगररांगेवर जो सिंहगड उभा आहे, त्याच्या इतिहासाविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे; परंतु त्या लेखनातील बहुतेक भाग हा वेढ्यांचा, तहांचा व पराक्रमांचा आहे, आणि तो यथायोग्यच आहे. तथापि या गडाचा आणखी एक इतिहास आहे, जो कोणत्याही एका बखरीत सलग सापडत नाही व कोणत्याही दप्तरात त्याचे स्वतंत्र बाड बांधलेले नाही. तो म्हणजे डोंगराची सवय नसलेल्या माणसाला या वाटेवर सुखरूप नेण्या-आणण्याच्या रिवाजाचा इतिहास. आज प्रत्येक रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने जी माणसांची रीघ लागते, तीत आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणारे पुष्कळ असतात. पुण्याच्या कित्येक पिढ्यांनी डोंगराचा पहिला धडा याच वाटेवर गिरविला आहे. म्हणून हा दुसरा इतिहासही कोणीतरी जुळवून पाहावा असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

गड समुद्रसपाटीपासून 1312 मीटर उंच आहे आणि आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंतची चढण सुमारे दोन हजार फुटांची आहे. हे आकडे हिमालयाची भाषा बोलणाऱ्याला किरकोळ वाटतील. परंतु या वाटेची खरी परीक्षा तिच्या उंचीत नसून तिच्या हवेत आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पुणे शहरात तो जेमतेम सातशे मिलिमीटर पडतो. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, राजगड-तोरण्यावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या ऐन वाटेवर सिंहगड आहे. त्यामुळे पुण्यात स्वारगेटला कोरडे ऊन असताना गडाच्या कल्याण दरवाजात धुके कोंदलेले असावे, आणि ते विरून तोरण्याची सोंड लख्ख दिसते न दिसते तोच टपोऱ्या थेंबांनी पाठ झोडपून निघावी, हा येथला नित्याचा अनुभव आहे. शहराच्या आकाशावरून गडाच्या आकाशाचा अंदाज बांधणे ही नवख्याची पहिली चूक, आणि ती चूक त्याने करू नये यासाठी त्याला सावध करणे हे जाणत्याचे पहिले काम, ही गोष्ट फार जुन्या काळापासून मानली गेलेली दिसते.

शिवकाळात पाऊस ही केवळ शेतकऱ्याची चिंता नव्हती, ती राज्यकारभाराची बाब होती. मृग लागण्यापूर्वी मोहिमा आटोपाव्या, फौजांनी छावणीस जावे, गडांवर धान्य, सरपण, गवत व औषधे यांची बेगमी व्हावी, घरांच्या शाकारण्या व्हाव्या आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन करूनच पुन्हा स्वारीस निघावे, असा तो शिरस्ता होता. चिपळुणाजवळ दळवटण्याच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. त्यात रयतेला उपद्रव होऊ नये ही ताकीद तर आहेच, परंतु दाणावैरण सगळा पावसाळा पुरेल अशा बेताने वापरावी, आणि रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, इतक्या बारकाईपर्यंत ते उतरते. मला या पत्राचे मोल विशेष वाटते ते अशासाठी, की संकट येण्यापूर्वी ते मनाने पाहून ठेवण्याची जी वृत्ती डोंगरात जाणाऱ्याला प्रथम शिकावी लागते, तिचे याहून उत्तम उदाहरण आपल्या जुन्या कागदपत्रांत मला दिसलेले नाही. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने गड बांधण्यापूर्वी पाण्याचा विचार करावयास सांगितले, एकाच झऱ्यावर विसंबू नये असे बजावले आणि गडाच्या वाटा सुगम ठेवू नयेत असाही दंडक घालून दिला. म्हणजे या वाटा अवघड आहेत त्या अनास्थेमुळे नव्हेत. अनोळखी माणसाला त्या सहज उलगडू नयेत अशाच बुद्धीने त्या राखलेल्या होत्या.

वाट अवघड ठेवावयाची आणि आपल्या माणसांची ये-जा तर चालू राहिली पाहिजे, या पेचाचे उत्तर म्हणजे घेरेकरी. गडाच्या पायथ्याच्या मुलुखात कोळी, रामोशी, महार, बेरड इत्यादी जमातींच्या लोकांची चौकी-पहाऱ्यावर नेमणूक असे. रानातली प्रत्येक ढोरवाट, प्रत्येक नाळ व प्रत्येक पाणवठा त्यांच्या पायाखालचा असे. खालून येणारा जासूद, कारकून वा पाहुणा त्यांच्या नजरेखालूनच वर जाई. महसुली कागदांत गडाच्या पायथ्याचे गाव आजही घेरा सिंहगड या नावानेच नोंदलेले आहे.

जाणत्याने पुढे व्हावे आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलावर पाऊल टाकावे हा जो डोंगराचा मूळ दस्तूर, त्याचे सर्वांत विख्यात उदाहरण याच गडावर घडले. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा, म्हणजे हाच सिंहगड, घेतला; त्या प्रसंगातील घोरपडीची कथा पोवाड्याने घरोघर पोचविली आहे. परंतु सभासदाची बखर ज्या प्रकारे ती हकीकत सांगते, ती डोंगर चढणाऱ्याला अधिक विचार करावयास लावणारी आहे. कड्यावर चढण्यात तरबेज अशी निवडक मावळी माणसे आधी वर गेली, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि मग उरलेले लोक चढले, असा तिचा आशय आहे. शौर्याच्या त्या रात्रीतही सर्वांनी एकदम कड्याला हात घातला नाही. शिवाय ती वेळ माघातली, म्हणजे कातळ कोरडा असण्याची होती. श्रावणातल्या शेवाळलेल्या दगडावर तोच बेत कोणी आखला असता असे मला वाटत नाही.

उलटपक्षी, डोंगर आणि पाऊस या दोहोंची जाण नसलेल्या फौजेचे काय होते हे महाराष्ट्राने 1702 मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या जून महिन्यात विशाळगड हाती आल्यावर औरंगजेबाने ऐन पावसाच्या तोंडावर आंबा घाटाच्या बाजूने पन्हाळ्याकडे कूच केले. अंतर अवघे तीस मैलांच्या आसपास; ते तोडावयास त्या प्रचंड लष्कराला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर आले, उंट व बैल चिखलात रुतून मेले, तंबू भिजून इतके जड झाले की ते उचलवेनात, आणि धान्याचे भाव आभाळाला भिडले. हिंदुस्थानातील सर्वांत संपन्न लष्कराजवळ सामानाची वाण नव्हती. वाण होती ती या मुलुखाच्या ऋतूचा अदब राखण्याची. पुढच्या वर्षी एप्रिलात पैसा मोजून सिंहगड ताब्यात घेतल्यावर मात्र बादशहाने पावसाळाभर पुण्यासच मुक्काम ठेवला आणि थंडी पडू लागल्यावर राजगडाची वाट धरली. विशाळगडच्या वाटेने शिकविलेला धडा त्याच्या पदरी पडला होता, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी.

2 मार्च 1818 रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला आणि घेरेकऱ्यांची चौकी संपली. चौकी संपली तरी माणसे तेथेच राहिली, आणि पुढील शतकभरात त्यांच्या जुन्या ज्ञानाला नवे गिऱ्हाईक मिळाले. पुण्याच्या छावणीतील गोरे अधिकारी चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात थंड हवेसाठी गडावर येऊन राहू लागले, त्यांचे बंगले उठले, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ते खाली उतरत. लोकमान्य टिळकांचाही बंगला गडावर आहे आणि उन्हाळी विश्रांतीसाठी ते तेथे येत असत. अशा मुक्कामांना लागणारे ओझे वाहणारा, दूध-दही पुरविणारा आणि नव्या पाहुण्याला वाट दाखविणारा माणूस घेऱ्यातलाच असे. ज्याचा आजा दरवाजावर पहारा करी, त्याचाच नातू आता पाहुण्याची वळकटी खांद्यावर घेऊन पुढे चालू लागला. काम बदलले, वाट तीच राहिली.

या वाटाड्याकडून नवख्याची तयारी कशी होई, हे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे, कारण तीत सामान थोडे आणि विचार पुष्कळ होता. सर्वांत महत्त्वाची वस्तू घोंगडी. धनगराच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचे सूत, त्याला चिंचोक्यांची खळ देऊन विणलेले ते राठ, काळे वस्त्र नव्या माणसाच्या अंगाला टोचे, तो कुरकुर करी, आणि मग कल्याण दरवाजाकडून पहिली सर आली की गप्प बसे. कापूस भिजला की तो अंगाची ऊब शोषून घेतो. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. घोंगडीची खोळ करावयाची रीतही शिकवावी लागे: घोंगडी दुमडून तिची दुमड एका टोकाशी अशी मिळवावयाची की त्या कोपऱ्याची टोपी होऊन डोक्यावर बसेल आणि बाकीचा घोळ पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत लोंबेल, पाणी पाठीवरून ओघळून जाते, पुढून हात मोकळे राहतात आणि वाऱ्याने उडून जाईल असे काहीच नसते. भातलावणीला बांबू व पानांचे इरले घेणाऱ्या मावळातल्या बायामाणसांना इरल्याचे सुख ठाऊक होते, पण चढणीच्या वाटेवर, जेथे वारा खालून वर उसळतो, तेथे ते कामाचे नाही हेही ठाऊक होते. छत्रीची गोष्ट तर बोलावयासच नको. आजही पावसाळ्यात गडावर उलट्या झालेल्या छत्र्या घेऊन उभे असलेले लोक दिसतात, तेव्हा त्यांना कोणी आधी सांगितले नाही याचेच वाईट वाटते.

शिदोरीचाही असाच हिशेब असे. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोरडी चटणी, कांदा आणि गुळाचा खडा. ओलसर कालवण नाही, कारण ते सांडते व आंबते. गूळ फडक्यात बांधून कमरेला, म्हणजे दम लागला तर शिदोरी सोडावी लागू नये. पाणी मात्र पायथ्याशी भरपूर पिऊन निघावयाचे व वाटेत घोटाघोटाने घ्यावयाचे. वर देवटाक्याचे गार, गोड पाणी आहे ही आशा चढणाऱ्याला बळ देई खरी, पण आशेवर तहान भागत नाही हे वाटाड्या बजावून सांगे.

पावलांचे शिक्षण याहून कठीण. सिंहगडाची वाट उन्हाळ्यात एक असते आणि पावसाळ्यात दुसरीच होते. फाल्गुन-चैत्रात तिच्यावर मुरूम सुटलेला असतो आणि त्या घसाऱ्यावरून पाय सटकतो. आषाढात मुरूम दबतो, परंतु काळा कातळ शेवाळून गुळगुळीत होतो आणि वाटेचाच ओढा बनतो. चढताना माणूस दमतो, पण बहुतेक पडतो तो उतरताना, कारण गड पाहून झालेला असतो, मन घरी पोचलेले असते आणि गुडघे थकलेले असतात. म्हणून उतरताना पाऊल आखूड टाकावे, तळवा सपाट टेकवावा, गुडघा किंचित वाकता ठेवावा, आणि ओल्या गवताच्या झुपक्याला आधार समजून हात घालू नये, हे पुन्हा पुन्हा सांगितले जाई. धुके दाटले की ढोरवाटा नवख्याला फसवितात. गुरांच्या पायांनी मळलेली वाट माणसाच्या वाटेहून रुंद व सोपी दिसते आणि शेवटी एखाद्या कड्याच्या काठाशी नेऊन सोडते. याला डोंगरातले लोक चकवा लागणे म्हणतात, आणि त्यावरचा त्यांचा उपाय अगदी साधा आहे: वाट हरवल्याचा संशय येताच जागच्या जागी बसावे, हाका माराव्या, ढग सरण्याची वाट पाहावी, अंदाजाने पुढे जाऊ नये.

हवेचे ज्ञान पंचांगातून व नजरेतून येई. मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसाच्या नक्षत्रांचे स्वभाव घेऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असत. आषाढातील पाऊस दिवसभर झिमझिमतो, भिजवितो, गारठवितो, परंतु बहुधा कडकडत नाही. खरा धोका वैशाखातल्या वळवाचा आणि हस्ताच्या पावसाचा, कारण ते दुपारनंतर अकस्मात येतात व विजा घेऊन येतात. म्हणून त्या दिवसांत पहाटे निघून दुपार कलण्याच्या आत उतरावे, आणि गडगडाट ऐकू आल्यास माथा, बुरूज, एकुलते झाड व लोखंडी कठडा सोडून खाली यावे, हा नियम. नव्या शास्त्रानेही तो खोडून काढलेला नाही. हिंदुस्थानचे हवामान खाते 1875 साली स्थापन झाले आणि 1928 साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. देशाच्या पर्जन्याचा अंदाज जेथे बांधला जात असे, त्या शहराच्या उशाशी हा गड आहे. खात्याचा अंदाज वाचून निघणे हे आज प्रत्येकाचे कर्तव्य आहे. परंतु तो अंदाज जिल्ह्याचा असतो, आणि कल्याण दरवाजातून आत येणारा ढग गडावर उभ्या असलेल्या माणसालाच प्रथम दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या परंपरेत दोन नवे प्रवाह मिसळले. एक इतिहासप्रेमाचा: 1896 साली रायगडावर लोकमान्यांच्या पुढाकाराने शिवोत्सव सुरू झाला, 1905 च्या सुमारास चिंतामण गंगाधर गोगटे यांचे महाराष्ट्रातील किल्ल्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि पुढे गो. नी. दांडेकरांनी आपल्या लेखणीने व पायपिटीने कितीतरी तरुणांना गडांचे वेड लावले. दुसरा प्रवाह गिर्यारोहणाचा: एव्हरेस्ट सर झाल्यानंतरच्या वर्षी, 1954 मध्ये, दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी मुंबईत गिरिविहार ही संस्था स्थापन झाली. या मंडळींनी दोर, गाठी व प्रथमोपचार आणले, आणि त्याबरोबर एक शिस्त आणली, जी मला सर्वांत मोलाची वाटते: रांगेच्या पुढे वाट जाणणारा, रांगेच्या शेवटी तितकाच जाणता दुसरा, आणि मधली चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने ठरावयाची. पुढचा थांबला की सगळे थांबत; मागचा दिसेनासा झाला की पुढचा थांबे. घोंगडीची जागा मेणकापडाने व मग प्लॅस्टिकने घेतली, वहाणांची जागा कॅनव्हासच्या बुटांनी घेतली, गुळाच्या जागी गोळ्या-बिस्किटे आली. परंतु नवख्याला एकटे सोडावयाचे नाही हा घेरेकऱ्यांचा दंडक या संस्थांनी जसाच्या तसा उचलला. त्यांच्या पहिल्या सहलींसाठी पुण्याजवळ सिंहगडाहून सोयीची जागा नव्हती.

पुढे गडावर मोटारीचा रस्ता गेला. वृद्धांना, आजाऱ्यांना व लहान मुलांना त्यामुळे गड दिसू लागला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु रस्त्याने एक भ्रमही निर्माण केला: जेथे मोटार जाते तेथे भय कसले, असा. पावसाळ्यात त्याच रस्त्यावर दरड कोसळते आणि वन खात्याला तो कधी कधी बंद ठेवावा लागतो, हे ध्यानात घेतले तर डोंगराचा स्वभाव रस्त्याने बदललेला नाही हे सहज कळावे. गर्दीनेही असाच भ्रम निर्माण होतो. शंभर माणसे पुढे चालली आहेत, त्यापेक्षा वेगळा वाटाड्या कशाला, असे नवख्याला वाटते. पण त्या शंभरांतले नव्वद त्याच्यासारखेच नवखे असू शकतात, हे त्याला कोण सांगणार? घेऱ्यातली माणसे आजही वाटेवर आहेत. मडक्यातले दही, पिठले-भाकरी व कांदाभजी विकणाऱ्या बाया आणि बाप्ये ऋतूमागून ऋतू या वाटेची चढ-उतर करतात. कोणता दगड हलतो, कोठे पाणी वाहू लागले आहे, आज ढग उतरणार की चढणार, हे त्यांना विचारले तर ते सांगतात. बहुतेक लोक दह्याचा भाव विचारतात आणि पुढे जातात. ज्यांच्या ज्ञानावर एकेकाळी गडाचा बंदोबस्त उभा होता, त्यांना आपण केवळ खाद्यपदार्थ विकणारे म्हणून ओळखावे, हे मला योग्य वाटत नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात जे कोणी पहिल्यांदा या वाटेला लागणार असतील, त्यांना माझी विनंती एवढीच आहे: निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज वाचा, घरच्यांना परतण्याची वेळ सांगा, पहाटे निघा, भिजल्यावरही ऊब देणारे एक वस्त्र जवळ ठेवा, आणि आतकरवाडीत पोचलात की वाट जाणणारा एक माणूस बरोबर घ्या, त्याच्या श्रमाचे मोल न घासता द्या, आणि पहिल्या चढावर असो वा अगदी दरवाजाच्या खाली असो, तो जेथून परत फिरा म्हणेल तेथून परत फिरा.